तेल, पांगुळगाडा आणि फिटची गोळी : मुलांच्या मज्जाविकारांत उपचारांचा मेळ कसा घालावा

महाडहून पोलादपूरकडे आणि तेथून कशेडी किंवा आंबेनळी घाटाच्या दिशेने जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या दिसतात. यांतील कित्येक घरांतील कर्ती माणसे नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात असतात. घर, शेती आणि गुरे यांच्या जोडीने लहानग्या नातवंडांचा सांभाळही आजी-आजोबांकडे असतो. अशा घरात एखादे मूल वेळेवर मान धरत नाही, एखाद्याला वारंवार फिट येते, एखादे तीन वर्षांचे झाले तरी हाकेला ओ देत नाही. मग सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. डॉक्टर गोळी लिहून देतात, शेजारी एखाद्या वैद्यांचे नाव सुचवतात, कोणी देवऋष्याकडे न्यायला सांगते, तर मुंबईहून मुलगा मोबाइलवर नव्या उपचारांची जाहिरात पाठवतो. या साऱ्यातून रोजच्या रोज काय करायचे, हे प्रत्यक्षात तुम्हीच ठरवता. म्हणून हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

मेळ म्हणजे सरमिसळ नव्हे

निरनिराळ्या उपचारपद्धतींचा मेळ घालून केलेल्या उपचारांना अलीकडे ‘एकात्मिक उपचार’ म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत अशा उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु एकात्मिक म्हणजे सकाळी डॉक्टरांची गोळी, दुपारी वैद्यांचा काढा आणि संध्याकाळी ऐकीव पुडी असे नव्हे. रोगाचे निदान एकदा नीट व्हावे, मुख्य उपचार कोणता हे निश्चित व्हावे, त्याला साह्यभूत ठरतील अशा गोष्टी जोडाव्यात आणि प्रत्येक उपचार करणाऱ्याला इतरांनी काय दिले आहे ते ठाऊक असावे, असा त्याचा खरा अर्थ आहे.

हा विचार आपल्या गावापर्यंत पूर्वीच पोहोचलेला आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. त्याअंतर्गत अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा मुलांची तपासणी होते. या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी रचना असते. आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेला डॉक्टर विकासातील विलंब ओळखतो आणि मुलाला जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतो. मेळ असाच असावा. पथक येणार असेल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

आजीच्या हातांना आधी कळते

बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालणारे हात पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी बदल ओळखतात. मात्र ‘होईल हळूहळू, याचा बापही उशिराच चालला’ असे म्हणून तो बदल बाजूला सारला जातो. पुढील गोष्टींची नोंद मनाशी ठेवा. साधारण चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरली पाहिजे. नवव्या महिन्यापर्यंत मूल आधाराविना बसले पाहिजे. दीड वर्षापर्यंत चालले पाहिजे. न्हाऊ घालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, चार महिन्यांनंतरही मुठी आवळलेल्याच राहत असतील, अंग काठीसारखे ताठ किंवा अगदीच लुळे वाटत असेल, तर दाखवायला उशीर करू नका. वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरू लागले तर ‘डावखुरा होणार’ असे कौतुक न करता दुसऱ्या हाताचे बळ तपासून घ्या.

आणखी एक लक्षण फार महत्त्वाचे आहे. साधारण तीन ते बारा महिन्यांच्या बाळाला झोपेतून उठल्यावर झटके येतात. मान खाली झुकते, हात पुढे फेकले जातात, जणू बाळ मुजरा करते आहे. काही सेकंदांनी पुन्हा तसेच होते आणि अशी मालिका चालते. पोटात कळ आली, दचकले, दृष्ट लागली, असे समजून यात आठवडे निघून जातात. हा फिटचाच एक प्रकार असून त्यात मेंदूच्या वाढीची हानी होत असते. मोबाइलवर त्याचे चित्रण करा आणि एक-दोन दिवसांतच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पांगुळगाड्याचा धडा

जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाली की हालचालींवर कायमचा परिणाम राहतो. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतील ही इजा पुढे वाढत नाही, तशीच ती औषधाने पुसलीही जात नाही. मूल काय काय करू शकेल, हे मात्र पुष्कळ बदलता येते.

आयुर्वेदातील बालरोगांचा प्राचीन ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या मुलाला तिथे ‘फक्क’ म्हटले आहे. त्याच्यासाठी आहार, स्नेहन यांच्याबरोबर तीन चाकांचा एक लहान रथही सांगितला आहे, आणि तो धरून मुलाने चालण्याचा सराव करायचा आहे. आपल्या घरातला लाकडी पांगुळगाडा त्याच कुळातला म्हणावा लागेल. तेल लावून थांबा, असे त्या ग्रंथकाराने सांगितले नाही. मुलाला स्वतः पाऊल टाकू द्या, असे सांगितले. आजचे शास्त्रही इथेच येऊन पोहोचले आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या साऱ्या उपचारांची छाननी करून त्यांना वाहतुकीच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग दिले. मुलाने एखादे नेमके काम स्वतः करून शिकणे, दोन्ही हातांचा सराव, घरी करायचा आखीव कार्यक्रम, ताठर स्नायूंसाठी बोट्युलिनम इंजेक्शन आणि खुब्याच्या सांध्याची वेळोवेळी तपासणी यांना हिरवा दिवा मिळाला. दुसऱ्याने हातपाय हलवायचे आणि मुलाने नुसते पडून राहायचे, अशा उपचारांचे मोल फारसे ठरले नाही.

मग तेलमालिशीचे काय? ती सोडू नका. कोमट तेलाने हलक्या हाताने केलेल्या मालिशीने मुलाला आराम वाटतो, झोप आणि पोट साफ होण्यास मदत होते, स्पर्शातून जवळीक वाढते. परंतु मालिश ही सरावाची पूर्वतयारी आहे, सरावाच्या जागी ती चालणार नाही. आवळलेले स्नायू जोर लावून ताणू नका. न चालणाऱ्या आणि फिटची औषधे घेणाऱ्या मुलांची हाडे ठिसूळ असू शकतात. नाकाकानात तेल घालू नका. पंचकर्मातील बस्तीसारखे उपचार करायचे असतील तर ते नोंदणीकृत वैद्यांकडेच आणि मुलाच्या डॉक्टरांना कळवूनच करावेत.

सरावासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आई-वडिलांनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली घरीच आठ आठवडे थोडा थोडा वेळ सराव करून घेतला, तरी मुलांच्या हाताच्या कामात सुधारणा दिसली. आपल्या घरात वालाच्या शेंगा सोलणे हे दोन्ही हातांचे उत्तम काम आहे. भाकरीच्या पिठाचा गोळा दाबणे, तांब्यातून पेल्यात पाणी ओतणे, पाटावर बसून स्वतःचा घास स्वतः घेणे, ओट्याची एक पायरी धरून चढणे, यांतले एकच उद्दिष्ट फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्याने निवडा आणि महिनाभर तेच करा. पांगुळगाडा कधी द्यायचा, हेही त्यांनाच विचारा. बसवून फिरवण्याचा प्लॅस्टिकचा वॉकर मात्र टाळा. भरवताना मूल आडवे नको, पाठ आणि मान सरळ हवी. गिळताना ठसका लागत असेल तर पातळ गुटी, काढा किंवा दूध ओतून पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते.

फिट : चरकाचे एक वचन आणि शंखपुष्पीची गोष्ट

अपस्मारावर चरकसंहितेत स्वतंत्र अध्याय आहेत. औषधांच्या वर्णनाबरोबरच तिथे एक व्यवहारी सूचना आहे : अशा रुग्णाला पाणी, अग्नी, झाडे आणि डोंगरकडे यांपासून नेहमी जपावे. सावित्रीच्या खोऱ्यातील घरांना ही सूचना आजही तंतोतंत लागू पडते. फिट येणारे मूल एकटे नदीवर, विहिरीवर किंवा डोहावर जाऊ नये. चुलीपाशी आणि पाण्याच्या बंबापाशी ते एकटे नसावे. आंब्या-फणसाच्या झाडावर त्याने चढू नये.

औषधाच्या बाबतीत मात्र आज आपल्या हाती चरकाच्या काळी नसलेली साधने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषध नियमित घेतल्यास अपस्माराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना फिटपासून मुक्त जगता येते. ती औषधे एकाएकी बंद केली तर न थांबणारी फिट येऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

इथेच मेळ घालताना होणारी एक नकळत चूक लक्षात घ्या. स्मरणशक्ती वाढावी म्हणून नातवंडाला शंखपुष्पीचे सरबत देणारी घरे पुष्कळ आहेत. काही संशोधकांनी १९९२ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. फेनिटॉइन या गोळीने फिट आटोक्यात असलेल्या दोन रुग्णांना शंखपुष्पीचे औषध सुरू केल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या. पुढे उंदरांवरील प्रयोगांत दिसले की या औषधामुळे फेनिटॉइनची रक्तातील पातळी उतरते. उलट मिरी आणि पिंपळीतील तिखट घटक काही फिटच्या औषधांची पातळी वाढवतो. याचा अर्थ शंखपुष्पी वाईट किंवा पिंपळी विष असा नाही. वनस्पती औषधी आहे म्हणूनच ती दुसऱ्या औषधावर परिणाम करते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून सरबत, चूर्ण, गुटी जे काही देत असाल ते डॉक्टरांना निःसंकोच सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

भस्मे आणि रसौषधी यांबाबत अधिक सावध राहा. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एकपंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे तर वाढत्या मेंदूचे वैरीच. लेबल नसलेली पुडी कितीही विश्वासाच्या माणसाने दिली तरी मुलाच्या तोंडात घालू नका. ‘जडीबुटी’ म्हणून विकलेल्या पुड्यांत फिटच्या आधुनिक गोळ्यांचीच पूड मिसळल्याचेही उघडकीस आलेले आहे. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना फिट येऊ शकते आणि निलगिरीच्या तेलाचेही तसेच आहे. सर्दी झाली म्हणून या दोहोंचा मारा फिट येणाऱ्या मुलावर करू नका.

गोळ्यांना न जुमानणाऱ्या फिटसाठी आहाराचाही एक उपचार आहे. स्निग्ध पदार्थ पुष्कळ आणि पिष्टमय पदार्थ अगदी थोडे असा तो ‘कीटोजेनिक’ आहार १९२१ पासून वापरात असून निवडक मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. परंतु तो तज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, रक्त-लघवीच्या तपासण्या करत द्यावा लागतो. घरच्या घरी तूप वाढवून आणि भात बंद करून तो साधत नाही.

फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, पाणी किंवा औषध घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. घर रस्त्यापासून लांब असेल तर नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

जुलै २०२१ च्या महापुरात महाड पाण्याखाली गेले आणि डोंगराळ भागात दरडी कोसळून रस्ते तुटले. पावसाळ्यात घाट बंद होणे इथे नवे नाही. म्हणून जूनपासून निदान महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या, औषधाच्या चिठ्ठीच्या प्रतीसह, पाणी न शिरणाऱ्या डब्यात उंचावर ठेवा.

महाडनेच शिकवलेली गोष्ट

‘आम्ही कांदा हुंगवला आणि फिट थांबली’ असे पुष्कळ जण प्रामाणिकपणे सांगतात. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्या क्षणी जो उपाय चालू असतो त्याला श्रेय मिळते. हा भ्रम ओळखण्याचा धडा याच मातीत गिरवला गेला आहे.

१९७०च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले पाहिली. हे विष मज्जातंतूंना चेतवते आणि त्यातून हृदय व फुप्फुसांवर आघात होतो. पुष्कळ दंश सौम्य असतात आणि आपोआप बरे होतात, म्हणून मंत्राने विंचू उतरतो असे लोकांना वाटे. गंभीर रुग्णांपैकी मात्र चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध वापरून पाहिले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते काम प्रसिद्ध केले आणि मृत्यूचे प्रमाण अगदी थोडक्यावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध जुने की नवे, देशी की परदेशी, यापेक्षा नोंद काय सांगते हे त्यांनी महत्त्वाचे मानले. एकात्मिक उपचारांची कसोटीही तीच आहे.

कॅनडातील एक चाचणी हेच सांगते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांपैकी काहींना उच्च दाबाखाली प्राणवायू आणि काहींना किंचित दाबाखालील साधी हवा दिली गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. मुले मुळात वाढत आणि शिकत असतात. ती वाढ कोणा उपचाराच्या नावावर जमा होऊन लाखो रुपये खर्ची पडतात.

मूळपेशींच्या इंजेक्शनांच्या बाबतीत तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांखेरीज त्यांचा वापर मान्यताप्राप्त संशोधनातच व्हावा. अपस्मार किंवा पक्षाघात हमखास बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने मुळातच निषिद्ध आहे. तेव्हा हमी देणारी जाहिरात हीच पहिली धोक्याची खूण समजा. त्यासाठी शेत किंवा दागिना गहाण टाकू नका.

बोलके करणारा उपचार

स्वमग्न मुलांसाठी मोठ्या शहरातच उपचार होतात, ही समजूतही बरोबर नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोवा आणि रावळपिंडी येथील सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना मुलाशी संवाद साधायला शिकवले. मुलाने काय पाहिले, कशाकडे वळले, हे ओळखून त्याच्या लयीने प्रतिसाद द्यायचा, एवढाच गाभा. त्याने पालक-मुलातील संवाद सुधारला. आजोबांनी अंगणात नातवंडासमोर बसावे, टीव्ही-मोबाइल बंद ठेवावा, त्याने चेंडू उचलला तर ‘चेंडू’ म्हणावे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहावी. श्वसन, ओंकार, साधी आसने आणि गाणी यांनी मन रमते, दिवसाला लय येते. मुलाला आवडेल तेवढेच ते करावे.

मदत कोठे मिळेल

मुंबईत हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, परळचे वाडिया बाल रुग्णालय आणि वांद्र्याची अली यावर जंग वाणी-श्रवण संस्था या मुलांसाठी दीर्घकाळ काम करत आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता यांसह २१ प्रकारांचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र करून घ्या. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. तीत एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो आणि नियमित थेरपी व पर्यायी औषधोपचार यांनाही ठरावीक मर्यादेत वाव आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. दिव्यांग मुलाच्या सवलतीची चौकशी आगारात करा.

अखेरीस एक वही घाला. फिटचा दिवस, वेळ आणि अवधी लिहा, चालू असलेली सर्व औषधे लिहा, मग ती कोणत्याही पद्धतीची असोत. नवा उपचार एका वेळी एकच सुरू करा आणि त्याची तारीख टाका. तीच वही डॉक्टरांना, वैद्यांना आणि थेरपिस्टला दाखवा. अक्षर नीट येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मोठ्या नातवंडाकडून लिहून घ्या, त्यालाही भावंडाची काळजी घेणे त्यातूनच कळेल.

आणि स्वतःकडेही पाहा. वाढते मूल उचलताना कंबर वाकवून नव्हे, गुडघे वाकवून उचला. तुमच्या रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी चुकवू नका. आठवड्यातून एक दुपार घरातील दुसऱ्या कोणाकडे मूल सोपवून विसावा घ्या. हा उपचार वर्षानुवर्षे चालायचा आहे, आणि त्यात मुलाला सर्वांत जास्त गरज तुमचीच आहे.